हरळीचं दुसरं नाव

त्या वर्षी कॅरीत मे महिन्यानंतर पाऊस असा झालाच नाही. आभाळ भरून यायचं, गाडीच्या काचेवर चार थेंब पडायचे आणि पुन्हा ऊन. नॉर्थ कॅरोलायनाची माती लाल. ओली असली की चपलेला लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की खापरी होते. जुलैत तिला भेगा पडल्या, माझी करंगळी आत जाईल एवढ्या. टीव्हीवर तळ्याचा उघडा पडलेला गाळ दाखवायचे. नळीनं बागेला पाणी घालायचे वार टाउननं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, ठरवून दिले होते.

मला नळीचं काही नव्हतं. माझं पाणी बादलीचं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं आणि आंघोळीचं. शॉवरमधून गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहून जातं, ते धरायचं. ही युक्ती मीच काढली. तिघींच्या आंघोळीचं मिळून दीड बादली व्हायचं.

तिघी म्हणजे मी, माझी सून रेणू आणि नात निधी. मार्चपर्यंत आम्ही चौघं होतो. मार्चमध्ये माझ्या मुलानं, सिद्धेशनं, आत्महत्या केली. आज हे वाक्य मी सरळ लिहिते आहे. त्या वर्षी मला ते लिहिता येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. मी 'हार्ट अटॅक' म्हणत होते.

का केली, हे मला विचारू नका. तो एक्केचाळीस वर्षांचा होता. वर्षभर त्याला झोप लागत नव्हती, जेवण कमी झालं होतं, डॉक्टरकडे जात होता. कसल्या डॉक्टरकडे ते त्यानं आणि रेणूनं माझ्यापासून लपवलं आणि मला कळलं तेव्हा मी बाकीच्यांपासून लपवलं. "पोट बरं नसतं त्याचं," असं मी सांगायचे. याहून जास्त मला माहीत नाही. रेणूलाही नाही.

सकाळी सहाला मी बादली घेऊन मागच्या दारानं उतरायची. हार्डवेअरच्या दुकानातली पाच गॅलनची बादली, अर्धी भरली तरी तिची कडी बोटांत रुतते. अडुसष्टाव्या वर्षी दोन्ही गुडघे करकरत. माझ्या माहेरी, माणदेशात, आम्ही मुली डोईवर दोन-दोन घागरी घेऊन मैलभर चालत होतो. इथे आले त्या वर्षी सवयीनं डोक्यावर बादली घेतली तर सिद्धेश खिडकीतून ओरडला होता, "आई, उतरव! शेजारीण नाइन-वन-वनला फोन करेल!"

दुधी-भोपळ्याला दोन तांबे, अळवाला तीन, गवारीला एक. उरलेलं हरळीला.

या हरळीचं सांगितलं पाहिजे. घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात पेरलेलं गवत होतं, आणि कडेकडेनं एक चिवट, बारीक गवत आत सरकत होतं. लॉनवाला माणूस आला, म्हणाला, हे तण आहे, औषध मारून घालवू. सिद्धेशनं मला हाक मारली. मी खुरपं घेऊन खाली बसले, काडी उपटून पेरं मोजली. म्हटलं, "अरे, ही तर हरळी!" आमच्याकडे हरळी म्हणजे शेतकऱ्याचं मरण. नांगरली तरी जात नाही, वाळली तरी मरत नाही, एक पेर मातीत राहिलं की पुन्हा उभी.

"हरळी म्हणजे दुर्वाच ना?" सिद्धेश म्हणाला.

"रानात हरळी, देवाला दुर्वा."

तो हसला. "आई, इथल्या गोल्फच्या मैदानावर हेच गवत असतं. मग हे लोक दुर्वांवर गोल्फ खेळतात की गं!" मग त्यानं लॉनवाल्याला परत पाठवला आणि त्या तुकड्यावर कधी औषध मारू दिलं नाही. इतरांच्या लॉनवर औषधं असायची, ती देवाला कशी वाहणार? त्यामुळे दर गणपतीला कॅरीतली मराठी माणसं आमच्या मागच्या दारी यायची. मंडळाच्या गणपतीच्या दुर्वा, घरोघरच्या जुड्या, ऋषिपंचमीचं अळू. मी पाटावर बसून निवडायची, बायका उभ्या राहून गप्पा मारायच्या, सिद्धेश चहा करायचा. चहा तो फार गोड करायचा. तरी सगळ्या प्यायच्या.

मार्चनंतर मागच्या दारी कोणी आलं नाही.

पहिल्या तेरा दिवसांत जेवण आलं, नाही कसं म्हणू? पण सगळं ॲल्युमिनियमच्या पातळ ट्रेमधून आलं. वापरून टाकून द्यायचे ट्रे. मला ते लक्षात यायला वेळ लागला. आपल्यात कुणाच्या घरी काही नेलं तर डब्यातून, पातेल्यातून नेतो. मग ते भांडं परत करायला त्यांनी आपल्याकडे यायचं, आणि भांडं रिकामं द्यायचं नसतं, म्हणून त्यात काहीतरी घालून आणायचं. असं येणंजाणं चालू राहतं. ट्रे कचऱ्यात गेला की कुणी कुणाकडे जायला नको.

मग निधीचं मराठी शाळेला जाणं अडलं. दर रविवारी शैलजा आपल्या मुलांबरोबर तिला घेऊन जायची. शैलजा मंडळाचं सगळं बघायची, पुण्याची, कामाला वाघीण, रेणूची मैत्रीण. एप्रिलमध्ये तिनं रेणूला सांगितलं, "व्हॅन फुल होते गं हल्ली." रेणू त्यानंतर स्वतः ड्राइव्ह करायला लागली. आम्ही मागून जायचो तर शैलजाच्या व्हॅनमध्ये एक सीट मोकळी दिसायची.

आणि कढीपत्त्याच्या कुंड्या. सिद्धेशनं बियांपासून रोपं करून वाटली होती. जूनमध्ये एका सकाळी पोर्चवर एक कुंडी दिसली. चिठ्ठी होती: 'आम्ही व्हेकेशनला चाललो, तुमच्याकडे नीट राहील.' आठवड्यानं दुसरी. तिसरी आणून ठेवताना मी खिडकीतून पाहिली. दीपा होती, आमच्यापासून चौथ्या घरातली, नागपूरची. दिवस गेलेले होते, पाचवा असावा. वाकून कुंडी ठेवताना तिनं कमरेवर हात ठेवला, घंटी वाजवली नाही, आणि घाईनं रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथनं गेली. नंतर चारुदत्त, तिचा नवरा, रेणूला दुकानात भेटला तेव्हा खाली बघत म्हणाला, "सॉरी वहिनी, माझी आई फोनवरून फार टेन्शन घेते. पहिलं बाळ आहे ना."

रेणू म्हणाली, "इट्स ओके." घरी येऊन तिनं किराणा सामान जागेवर लावलं, पिशव्यांच्या घड्या घातल्या, आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. ते पाणी तिनं धरलं नाही.

तिन्ही कुंड्यांना मी पाणी घालत राहिले. रोपांनी काय केलं होतं?

*

ऑगस्टच्या शेवटी मराठी शाळा उघडली. निधी नऊ वर्षांची. घरचा अभ्यास होता, 'माझे बाबा', दहा ओळी. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन्सिल चावत बसली होती. मी गवारीच्या शेंगांचे दोर काढत होते.

"माझे बाबा उंच होते. माझ्या बाबांना झाडे आवडत होती. माझे बाबा चहात खूप साखर घालत." तिनं वाचून दाखवलं. "आजी, व्हॉट्स द मराठी वर्ड?"

"कशाला?"

"फॉर हाउ ही डाइड."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. शाळेतल्या कौन्सेलर बाईंनी तिला इंग्रजीत नीट सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. बाबांना मनाचा आजार होता, तुझी काही चूक नव्हती. इंग्रजीत ती ते सरळ बोलायची.

"हार्ट अटॅक लिही," मी म्हटलं.

"पण तो नव्हता."

"मराठीत तसंच म्हणतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. सिद्धेशसारख्याच तिच्या भुवया. "आजी, हार्ट अटॅक इज नॉट इव्हन मराठी."

मी तीस वर्षं साताऱ्याच्या प्राथमिक शाळेत मुलांना मराठी शिकवलं. मी पुढची शेंग उचलली. तिनं ती ओळ मोकळी सोडली आणि खाली नाव लिहिलं. वहीत नऊ ओळी आणि एक रिकामी.

*

गणपतीच्या आधीच्या बुधवारी शैलजाचा फोन आला. सहा महिन्यांनी पहिला.

"काकू, कशा आहात?"

"आहे बाई."

"निधी छान मोठी दिसते हां. परवा शाळेत पाहिली." मग थोडं थांबून, "काकू, यंदा दुर्वांचा फार प्रॉब्लेम झालाय. सगळ्यांची लॉन्स जळून गेली. ग्रोसरीवाला म्हणतो त्याचं शिपमेंटच आलं नाही. दीपा म्हणत होती, तुमच्याकडे मागे हिरवं दिसतं."

"आहे थोडं. रोज पाणी घालते."

"अय्या, किती करता हो! मी गुरुजींना विचारलं, म्हटलं त्यांच्याकडे असं झालंय, तर चालेल का. ते म्हणाले, सुतक कधीच संपलं, आणि दुर्वांना कसलं सुतक?"

"बरं केलंस विचारलंस ते."

"फक्त काकू..." तिचा आवाज खाली आला. "तुम्ही एवढ्या लांब कशाला त्रास घेता? ट्रेमध्ये भरून पोर्चवर ठेवा, दीपा पिकअप करेल. आणि कुठून आणल्या ते आम्ही कोणाला बोलणार नाही. उगाच कोणाच्या मनात काही यायला नको. लोक कसे असतात, तुम्हाला माहीत आहे."

"कसे असतात?"

"तसं नाही हो काकू."

"ठेवते," मी म्हटलं.

रेणू कामावरून आली तेव्हा मी तिला सांगितलं. ती औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये होती, दिवसभर उभं राहून पाय सुजायचे. बूट काढता काढता तिनं ऐकलं.

"म्हणजे गवत चालतं. आम्ही चालत नाही."

"देवाचं आहे, रेणू."

"देवाचं आहे तर पोर्चवर कशाला? चोरीचा माल आहे?" तिनं दुसरा बूट भिंतीशी नीट ठेवला. "नका देऊ, आई. माझी शपथ आहे."

"शपथ घालू नकोस. मी हो म्हणाले आहे."

"तुम्ही नेहमीच हो म्हणता." मग ती माझ्याकडे वळली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडे सरळ पाहून बोलत होती. "हार्ट अटॅक कोणी म्हटलं होतं? मी नाही म्हटलं. माझ्या तोंडून तर शब्दच फुटत नव्हता. तुम्ही साताऱ्याला मामांना फोन लावलात आणि म्हणालात. मी शेजारी उभी होते. मग मलाही तेच म्हणावं लागलं. सहा महिने मी तेच म्हणते आहे, आणि समोरच्याला माहीत असतं, आणि मला माहीत असतं की त्याला माहीत आहे. शैलजाला मी काय म्हणू? तिनं लपवलं तर चूक, आणि आपण?"

तिचं खरं होतं. त्या फोनवर माझ्या भावानं क्षणभर थांबून विचारलं होतं, "खरंच हार्ट अटॅक?" आणि मग हळूच, "अक्का, त्या विहिरीचं पाणी प्यायला होता गं तो." मी फोन ठेवला होता. पण ते वाक्य काही ठेवता आलं नाही. बादली उचलताना रोज ते माझ्या कानात असायचं.

*

शुक्रवारी दुपारी मी पाट घेऊन हरळीत बसले. उन्हानं डोकं तापत होतं, पदर ओढून घेतला. खुरपं माझ्या माहेरच्या लोहारानं केलेलं, सुटकेसमधून आलेलं; पण दुर्वा खुरप्यानं नाही काढायच्या, नखानं खुडायच्या. तीन पानांचा कोवळा शेंडा तेवढा घ्यायचा. एकवीस शेंड्यांची एक जुडी. चाळीस जुड्या करायच्या होत्या. तासाभरात अंगठ्याचं नख हिरवं झालं आणि कंबर लाकडाची झाली.

निधी शाळेतून आली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. थोड्या वेळानं रेणूही आली. लवकर सुटली होती की सुटी घेतली होती, मी विचारलं नाही. तिघी खुडत बसलो. निधी मोजायची, दोरा गुंडाळायची.

"निधी," मी म्हटलं, "तू शब्द विचारला होतास ना, तो मी तुला सांगितला नाही. मी तुझ्याएवढी होते तेव्हा मलाही कोणी सांगितला नव्हता. थोडी मोठी होते, बारा वर्षांची."

मग मी तिला सोनाआत्याचं सांगितलं. माझ्या वडिलांची बहीण. सासरहून आली होती, बोलायची नाही, तासन्‌तास उंबऱ्यावर बसायची. एक दिवस आमच्या मळ्यातल्या विहिरीत तिनं जीव दिला. घरात सगळ्यांना बसवून आजोबांनी सांगितलं, कोणी विचारलं तर म्हणायचं, पाय घसरला. आम्ही तसं म्हणालो. गाव हो म्हणालं. आणि त्या दिवसापासून त्या विहिरीवर कोणी आलं नाही. आमच्या घरी पाणी कोणी प्यायचं नाही. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न दोनदा ठरून मोडलं.

"बट दे सेड ओके. दे सेड शी स्लिप्ड."

"तोंडानं म्हणत होते गं."

"मग?"

"मग एकवीस वर्षांनी मोठा दुष्काळ पडला. बहात्तरचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुझ्या बाबांना घेऊन माहेरी गेले होते. तो सहा वर्षांचा. गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या. टँकर चार दिवसांनी यायचा, त्याच्यावर भांडणं, डोकी फुटायची. आणि आमच्या विहिरीला पुरुषभर पाणी. कोणी येत नव्हतं. घशाला कोरड, पण येत नव्हते."

रेणूचा हात थांबला होता. ही गोष्ट तिनंही ऐकलेली नव्हती. सिद्धेशलाही फक्त विहीर आठवायची.

"एक दिवस माझी आई चावडीसमोर गेली. तिथे टँकरची वाट बघत सगळ्या बायका घागरी घेऊन बसल्या होत्या. आई कधी चार माणसांत बोललेली नाही. ती म्हणाली, 'माझ्या नणंदंचा पाय न्हाई घसरला. उडी टाकली तिनं. तिचं दुखणं आमाला कळलं न्हाई. पर पाणी पाणीच हाय. या.' आणि परत येऊन तिनं पोहरा सोडला आणि पहिला तांब्या माझ्या सिद्धेशला दिला. नातवाला. सगळ्यांना दिसेल असा काठावर उभा करून."

"ही ड्रँक इट?"

"गटागटा."

"मग सगळे आले?"

"नाही. उन्हं कलेपर्यंत कोणी आलं नाही. मग एक आली. कुंभाराची म्हातारी. मग दुसऱ्या दिवशी चार."

निधीनं जुडीला दोरा गुंडाळला. "सो, शब्द?"

मी म्हटलं, "आत्महत्या."

तिनं तो दोनदा म्हणून पाहिला. त आणि म नीट जुळेनात. रेणू म्हणाली, "आत्म-हत्या," तोडून, हळू, जसं आपण मुलांना जोडाक्षर शिकवतो. मग तिनं हाताच्या उलट्या बाजूनं डोळे पुसले. बोटं मातीची होती.

पोर्चवर मी काही ठेवलं नाही. दुर्वा ओल्या पंच्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या.

*

शनिवारी सकाळी आम्ही तिघी गेलो. मंडळानं एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेतलं होतं. दारात चपलांचा ढीग, आत धूप आणि गरम तुपाचा वास. शे-दीडशे माणसं असतील. मला वाटलं होतं, आम्ही आत गेल्यावर सगळे गप्प होतील. तसं काही झालं नाही. बोलणं चालू राहिलं, फक्त आमच्या भोवती वाट थोडी रुंद झाली.

शैलजा नऊवारी सावरत धावत आली. "काकू! अहो, दीपा येणार होती ना घ्यायला. पोर्चवर..." तिनं माझ्या हातातलं ताट घेतलं, पितळी, माझ्या लग्नातलं. घेऊन ती झपाझप गणपतीपुढच्या टेबलाकडे गेली आणि तिथल्या बायकांनी ताटाभोवती घोळका केला.

"अय्या, किती ताज्या! कुठे मिळाल्या गं?" कोणीतरी म्हणालं.

"अटलांटाहून मागवल्या," शैलजा म्हणाली. मी तिच्या मागे तीन पावलांवर उभी होते.

तिला वाईट म्हणायचं नाही मला. तिनं जे ठरवलं होतं तेच ती बोलली, माझी लाज राखायला म्हणूनसुद्धा असेल. आजोबांनी तरी दुसरं काय केलं होतं?

"अटलांटाच्या नाहीत," मी म्हणाले.

माझा आवाज शाळेतल्या बाईचा. तीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचलेला. तो मोठाच निघाला.

"आमच्या अंगणातल्या आहेत. माझ्या मुलानं राखलेल्या. सिद्धेशनं. तुम्ही सगळ्यांनी त्याच्या हातचा चहा प्यायला आहे." मी पदराचं टोक धरलं. "त्याला हार्ट अटॅक आला नव्हता. त्यानं आत्महत्या केली. तो आजारी होता, ते आम्हाला पुरतं कळलं नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले. माझ्यामुळे माझ्या सुनेलाही बोलावं लागलं. पण दुर्वा दुर्वाच आहेत."

मागे कुठेतरी लहान मूल झांज वाजवत होतं, त्याच्या आईनं ती काढून घेतली. मग खरंच शांत झालं. शैलजाच्या मानेवर लाली चढली. कोणी जमिनीकडे बघत होतं, कोणी मूर्तीकडे. माझ्या आईला असंच वाटलं असेल का, चावडीसमोर? मला मात्र वाटलं, मी आम्हा तिघींचा उरलासुरला आसराही मोडला.

गुरुजी चौरंगापाशी बसले होते. मॉरिसव्हिलच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारा तरुण माणूस, सुटीच्या दिवशी पूजा सांगायचा. ते म्हणाले, "दुर्वा द्या बरं कोणीतरी."

टेबलाशी सहा-सात बायका होत्या. ताटाला कोणी हात लावेना.

रेणूनं ताट उचललं. तिच्या कपाळावर टिकली होती. सकाळी तिनं ती लावली तेव्हा मी पाहिली होती आणि काही म्हटलं नव्हतं. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं ती चालत गेली, कुणाकडे न बघता, आणि गुरुजींच्या समोर ताट धरून उभी राहिली. त्यांनी वर पाहिलं. पळभर. मग हात पुढे करून पहिली जुडी उचलली.

आरती झाली. आम्ही मागे उभ्या राहून म्हटली. निधीला अर्धीच येत होती.

घरोघर न्यायच्या जुड्या बाजूच्या टेबलावर मांडल्या होत्या. निघताना मी ताट घ्यायला गेले तर सतरा उरल्या होत्या. बाकीच्या गेल्या होत्या. कोणी नेल्या, पाहिलं नाही. शैलजा जवळ आली, म्हणाली, "काकू, मला..." तिनं सतरातली एक जुडी उचलली आणि गेली. सोळा आम्ही परत आणल्या. त्या मी कढीपत्त्याच्या तीन कुंड्यांच्या बुडाशी पसरल्या, ओल टिकावी म्हणून.

*

रविवारी दुपारी घंटी वाजली. पुढच्या दाराची. दारात दीपा. सातवा-आठवा महिना लागलेला, चेहऱ्यावर घाम, हातात स्टीलचा डबा. जुन्या पद्धतीचा, जाड, कडीचा.

"मोदक आहेत, काकू. फुटलेत थोडे. मला अजून येत नाहीत."

"आत ये गं, उन्हात उभी राहू नकोस."

ती आत आली. सोफ्याच्या कडेवर बसली, पाणी मागून प्यायली. पूर्ण ग्लास. मी डबा हातात घेतला तर झाकणावर अक्षरं कोरलेली. मी चष्मा लावला. 'चि. गिरीश याच्या मुंजीप्रीत्यर्थ, सन १९६४.'

"हे कोण गं?"

"माझा मामा." ती ग्लासकडे बघत होती. "मी पाहिलेला नाही. कॉलेजात असताना गेला. तुमच्या... सिद्धेशदादांसारखाच. आमच्या घरी त्याचं नाव कोणी घेत नाही. डबा मात्र सगळे वापरतात."

रेणू आतून आली होती. ती दीपाच्या शेजारी बसली. मग दीपा म्हणाली, "माझी कुंडी जगली का हो?"

"जगली," रेणू म्हणाली. "पण जड आहे. तू उचलू नकोस. मी आणून देते."

मोदक खरंच फुटले होते. सारण गोड होतं, सिद्धेशच्या चहासारखं. निधीनं चार खाल्ले.

डबा मी घासून, पुसून दोन दिवस ओट्यावर ठेवला. रिकामा द्यायचा नसतो. मंगळवारी सकाळी अळवाची कोवळी पानं खुडून वड्या केल्या आणि डबा भरला. रेणू कामावर गेली होती. दीपाची सासू, फोनवरून टेन्शन घेणारी, आदल्या दिवशी नागपूरहून आली होती बाळंतपणासाठी, हे मला ठाऊक होतं. रेणूची वाट बघून तिच्याबरोबर जाता आलं असतं. पण मी पायात चपला घातल्या आणि आमच्याच बाजूच्या फुटपाथनं निघाले. चारच घरं. दोन्ही कडेची लॉन्स जळून पिवळी पडली होती. कुठे कुठे, कडेला, हरळीची एखादी काडी हिरवी होती.

दीपाच्या दाराची घंटी वाजवली. दार सासूबाईंनी उघडलं. माझ्याच वयाच्या, प्रवासानं सुजलेले डोळे, हात पिठाचे.

"कोण आपण?"

"मी चौथ्या घरातली. सिद्धेशची आई," मी म्हटलं आणि डबा पुढे केला.

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. झाकणावरचं नाव वाचलं असावं. मग पदराला हात पुसले आणि दोन्ही हात पुढे केले.